पुलाच्या फोटोतला हात

नेर, मंगळवार, संध्याकाळ

बोरी अरबच्या पुलावर छोटी रेल्वे चढली की चाकांचा आवाज एकदम पोकळ व्हायचा. तो ऐकला की आई माझ्या मुठीत नाणं द्यायची, नदीला टाकायला. यंदा लंडनला मुलाकडे गेलो, तेव्हा थेम्सच्या पुलावर तोच आवाज आठवला. शाळेतली नदीची कविता ओठांवर आली आणि मी नाणं टाकलं.

प्रशांत फोटो काढत होता. पोटचा पोरगा, पण खेकसलाच. "बाबा, काय करून राह्यले? लोक पाहून राह्यले! बाजूले व्हा न, पूल पूर्ण येऊ द्या."

झालो बाजूला. पुढे दोन महिने बाजूलाच होतो.

आज सकाळी त्याने फोटो पाठवले. पूल, मनोरे, घड्याळ, सून, नातू. मी कुठेच नाही. एका फोटोत कडेला फक्त माझा हात, नाणं टाकतानाचा. की तोही चुकूनच आला? तरी तोच फोटो मोठा करायला दुपारी स्टुडिओत टाकला. भिंतीवर निदान हात तरी...

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. स्टुडिओवाला रफिकभाई, स्वतः! कधी घरी येत नाही.

"काका, इकडूनच जात होतो, म्हटलं देऊन टाकू. कडेला कोणाचा तरी हात आलता, तो साफ काढून टाकला. आता पाहा, पूल कसा मस्त दिसून राह्यला!"