हरकतीचं दुसरं पान

अप्पा, आपल्या गिरणीच्या छतावर आता सोलरच्या प्लेटा आहेत. तुमचं डिझेलचं इंजिन कधीच भंगारात गेलं. दिवसा प्लेटांची वीज सरकारी लाइनीत जाते आणि संध्याकाळी, बायका रानातून येऊन दळणाचे डबे रांगेत ठेवतात तेव्हा, तेवढीच वीज आपण लाइनीतून परत घेतो. तुम्हाला हे फार आवडलं असतं. गिरणी माझ्या धाकट्या भावाची सून चालवते. मी नोकरी संपवून गावी आले आणि आता तिच्याजवळ स्टूल टाकून बसते. अंगावर पीठ बसतं. झटकावंसं वाटत नाही.

अशी थोडीथोडकी वीज तयार करणाऱ्यांना काय दर द्यायचा, याचे नियम बदलायचे आहेत. दर ठरवणाऱ्या कचेरीनं मसुदा काढून लोकांच्या हरकती मागवल्या आहेत. जाहिरात मराठीत, मसुदा इंग्रजीत. सून म्हणाली, ‘आत्या, घरात कॉन्व्हेंट असताना बाहेर कशाला जायचं?’ रविवारी तिनं प्लेटावाल्या चारपाच जणांना ओट्यावर बोलावलं. मी चष्मा लावला आणि मला तो तुमच्या वेळचा ओटा दिसला.

मी दहा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून घरी आले आहे. दिवेलागणीला तुम्ही इंजिनाला डायनामो जोडता आणि जेवणं होईपर्यंत आपल्या गल्लीतल्या अकरा घरांत एकेक दिवा जळतो. त्याचा दरही तुम्ही सगळ्यांना ओट्यावर बसवून, विचारून ठरवला होता. दिव्यामागं महिन्याला एक पायली ज्वारी, बाळंतिणीच्या घराला माफ. पलीकडची म्हातारी भांडली होती, ‘मी एकली हाय. मला अर्धाच उजेड लागतो, अर्धी पायली घे.’ तुम्ही हसून अर्धी घेतलीत. मग गावात सरकारी लाइन आली आणि तुमच्या नावाचा दोन पानी इंग्रजी कागद आला. शिपाई उभाच होता. तुम्ही पिठाचे हात धोतराला पुसलेत, कागद माझ्याकडे दिलात आणि लोकांना म्हणालात, ‘आता गप ऐका. आमचं कॉन्व्हेंट वाचतंय.’ पहिलं पान मी वाचलं. खाजगी तारा काढाव्या लागतील, असं होतं. मग दुसरं पान उलटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, ‘बाकी तेच आहे, अप्पा. पोचल्याची सही करायची.’ तुम्ही सही केलीत.

सव्वा महिन्यानं माणसं आली आणि तारा उतरवून गेली. सरकारी लाइन हमरस्त्यापर्यंतच आली होती. आपल्या गल्लीत खांब यायला चार वर्षं लागली, तोवर अकरा घरं परत कंदिलावर. चौदाव्या वर्षी मी गिरणीतल्या कागद टोचायच्या तारेवरून तो कागद काढला आणि वाचला. दुसऱ्या पानावर होतं की हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी, घरापर्यंत लाइन पोचेतो तारा ठेवायची परवानगी मागता येईल. तुम्ही इंजिनाचा पट्टा चढवत होतात. माझ्याकडे पाहिलंत. ‘ठिव तिथंच. जुना कागद हाय,’ एवढंच बोललात. रागावला असतात तर बरं झालं असतं. त्या सुट्टीत तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलंत. ते अजून आहे.

परवा, रविवारी, मी मसुदा वाचून मराठीत सांगत होते. आवाज दुसऱ्याच कोणाच्या घशातून यावा तसा येत होता. हल्ली माझं बरंचसं बोलणं मला असंच ऐकू येतं. मध्येच आकडेमोडीची सूत्रं सुरू झाली. मी दोन पानं एकदम उलटली आणि म्हणाले, ‘पुढं तेच आहे.’ वाक्य तोंडातून गेलं आणि मला काहीच वाटलं नाही.

‘आत्या, मधला स्टॉप सोडून गाडी पुढं गेली की तुमची!’ सून म्हणाली.

‘इंग्रजी गाडी हाय ती, फास्टच जाणार,’ असं त्यांतला वेल्डिंगवाला म्हणाला, तशी सगळी हसली.

‘हसू नका ओ. आत्या, न्हाय समजलं तर न्हाय समजलं म्हणा. कुणाला तरी इचारू आपुन,’ सून म्हणाली.

इतकं सोपं होतं ते. मी पान मागं उलटलं. दोन ठिकाणी अडले, तसं सांगितलं. तिनं धाराशिवच्या कॉलेजातल्या एका सरांना फोन लावला. त्याच पानावर होतं, की दिवसा दिलेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा होईल आणि संध्याकाळची सगळी विकत घ्यावी लागेल. म्हणजे बायकांनी रोजगार बुडवून भर दुपारी दळण आणायचं, नाहीतर सुनेनं गिरणीला कुलूप लावायचं. मग आम्ही हरकत लिहिली. मराठीत, सगळ्यांच्या सह्या घेऊन. तुम्ही दिलेल्या पेनात शाई भरली होती, पण ते चाललं नाही. सुनेनं तिचं बॉलपेन दिलं.

हरकत उद्या जाईल. कोणी ऐकेल की नाही, ठाऊक नाही. भीती वाटायला हवी, तीही वाटत नाही. हे पत्र मात्र गिरणीतल्या तारेलाच टोचून ठेवणार आहे. तिथं पीठ बसून अक्षरं दिसेनाशी होतात.

तेव्हा मी ‘बाकी तेच आहे’ म्हणाले, ते घाईत नव्हे, अप्पा. मला ते पान वाचता येत नव्हतं.