आतड्याची आव

ती. आबा, ग्लासगोहून रेश्माचा तुमच्या पायांवर माथा.

मी बरी हाय. आई कशी हाय? म्हस व्याली का?

माणसाचं लहान आतडं बुळबुळीत आव कशी सोडतं, ते मी हितं प्रयोगशाळेत बघते. ऑपरेशनात कापलेला तुकडा बशीत ठेवला, तरी त्यो आव सोडत राहतो. आपण माणसापासनं तुटलोय, हे त्याला ठावंच नसतं. आतनं जपायचं, एवढंच कळतं.

तुमच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तवा मी हितंच होते. अजून आव पडती, असं आई म्हणाली. फोनवर मात्र तुमी ठणठणीत असल्याचा आव आणता. हे वाचलं की लगेच बारामतीला जाऊन डॉक्टरला दाखवा.

आणि वर मी ‘बरी हाय’ लिहिलंय, त्यो बी आवच.

तुमचीच,
रेश्मा