असमान रांगांवरचा माझा उपाय

३ सप्टेंबर १९६८, अमरावती.
अमेरिकेतल्या मावसभावाने कॉम्प्युटरच्या नव्या भाषेचं पुस्तक पाठवलं. पाकीट एका कडेने फाटलेलं. पोस्टमनवर लक्ष ठेवणे.
भाषा अफाट. आकड्यांची अख्खी रांग दुसऱ्या रांगेत एका दमात मिळवते. फक्त रांगा लहानमोठ्या असल्या की अडून बसते. कॉलेजात कॉम्प्युटर नाही, पण गणित मी शिकवतो. तोड मीच काढणार.

५ सप्टेंबर. सकाळी ७.
निघाली. लहान रांगेच्या शेवटी शून्यं जोडायची, झाली बरोबरी. कोणाला सांगायचं नाही.

६ सप्टेंबर.
प्राचार्यांना सांगितलं. २२ला अकोल्यात शिक्षकांच्या सभेत भाषण. उदाहरण ऑगस्टच्या पावसाचं. अकोटच्या नोंदी ३१, धारणीच्या २७. चार शून्यं जोडली.

११ सप्टेंबर.
स्टॅटिस्टिक्सचे धर्मपाल गवई स्टाफरूममध्ये मुद्दाम शेजारी बसले. धारणीचे कोणते चार दिवस नाहीत, म्हणाले. एवढी चौकशी कशाला? कागद झाकला.

१४ सप्टेंबर.
पुन्हा तेच. म्हणे शून्य म्हणजे पाऊस नाही, नोंद नाही म्हणजे माहीत नाही. आपल्याला गोंधळात टाकून उपाय स्वतःच्या नावावर करायचा बेत दिसतो.
कौशल्याला सांगितलं. बायको माझी, पण म्हणाली, "तो माणूस समजावून राहिला, तुमी आयकून काहून नाही घेत?" हिलाही फितवलं असावं.

२२ सप्टेंबर, अकोला.
सभागृह भरलेलं. धर्मपाल पुढेच, वही उघडून. मी ठासून सांगितलं, धारणीला ऑगस्टचे शेवटचे चार दिवस कोरडे.
मागून धारणीचे देवमन मास्तर उठले. तिथला पाऊस तेच मोजतात. म्हणाले, "सर, शेवटचे चारई दिवस मी भिजलो. नऊ ते बारा तारखेले नाल्याले पूर होता, मोजाले जाताच नाही आलं. नोंद त्या दिवसांची नाही."
म्हणजे सगळ्यात जास्त पावसाच्या दिवसांचीच नाही. आणि त्यापुढच्या साऱ्या नोंदी मी चार-चार दिवस अलीकडे ओढल्या होत्या.
सभा हसली. धर्मपाल हसले नाहीत. का, ते कळलं नाही.

२५ सप्टेंबर.
धर्मपालांच्या तासाला मागच्या बाकावर बसलो. विषय, राहून गेलेल्या नोंदी. मुलांना सांगितलं, तपासणीला आलोय.
तास संपल्यावर धर्मपालांनी हळूच विचारलं, समजलं का. म्हटलं, उद्या पुन्हा सांगा.