गिबलीत बदललेले सासरे

मिस्रात्याला समुद्राकाठी राहणारे आमचे थोरले मेहुणे, आदरणीय मफ्ताहभाऊ यांना हून गावाहून मिलादचा सलाम.

तुमची कंबर, वहिनींची दाढ, मुलंबाळं, ऑलिव्हची झाडं आणि ती लाथा मारणारी गाढवीण अशी सगळी मंडळी देवदयेनं खुशाल असोत. इकडे मबरूका खुशाल आहे, तिन्ही मुली खुशाल आहेत, आणि नवा मुलगा तर इतका खुशाल आहे, की त्याच्या रडण्यानं आमची शेळी आटली असं शेजारीण सांगत फिरते. (शेळी आधीच आटलेली होती.) तुमच्या वडिलांची प्रकृती मात्र मी विचारत नाही आणि कळवतही नाही. कारण पुढं येईल. तुम्ही बसून वाचताय ना? बसा.

तुम्ही म्हणाल, मिस्रात्याहून हूनला येणारा रस्ता एकच, तोही डांबरी. त्यात चुकायचं काय? भाऊ, मलाही तेच वाटत होतं, आणि अजून वाटतं. मी चुकलोच नाही. रस्ता बरोबर होता, गाव बरोबर लागलं, घरही माझंच निघालं. असो. तुमच्या दारातून आम्ही निघालो तेव्हा हवा छान होती, हे तुम्हीच पाहिलंत. लेक वाळवंटात नेली म्हणून, मक्का करून हाज झालेले तुमचे वडील लग्नापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे. (शेवटचं ऑलिव्हचं झाड संपलं की माणसांची वस्ती संपली, हे त्यांचं मत. इथं आम्ही खजुराखाली राहतो, ती त्यांच्या हिशेबी वस्तीच नाही.) नातवाच्या सातव्या दिवसाच्या बारशाला यायला ते तयार झाले, पण बोलायला नाहीत. काही लागलं की गाडीच्या समोरच्या काचेला सांगायचे. ‘खिडकी उघडी राहिली आहे.’ मी खिडकी लावली की काचेलाच म्हणायचे, ‘बरं झालं.’

बू-न्जेमच्या अलीकडे दक्षिणेचं आभाळ तांबडं झालं आणि भट्टीचं दार उघडावं तसा गिबली वारा अंगावर आला. समुद्राकाठी तुम्ही ज्याला गिबली म्हणता तो आमच्याकडून थकून-भागून तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. इथला ताजा असतो. रस्ता गेला, आभाळ गेलं, गाडीचं नाकही दिसेना. चाचपडत चहाच्या टपरीपाशी थांबलो. तिथं आधीच पाचसहा गाड्या, आणि धुळीनं सगळ्यांचा रंग एकच. हाज टपरीच्या भिंतीला टेकून बसले. अंगावर गुंडाळून घेतलेलं लोकरीचं जर्द, तोंड फेट्यानं पूर्ण झाकलेलं. मी गाडीवरची गादी उडू नये म्हणून बांधायला गेलो. वारा जरा पडल्यासारखा वाटला तसा परत आलो आणि भिंतीपाशी बसलेल्या जर्दाला ओरडून म्हणालो, “चला हाज, निघू या!” त्यांनी चटकन माझ्या हातात हात दिला. आजवर त्यांनी मला हात दिलेला नाही. तिथंच संशय यायला हवा होता. पण भाऊ, सुखाचा संशय कोण घेतो?

पुढचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. फेट्याच्या आतून हाज बोलू लागले, आणि काचेशी नव्हे, माझ्याशी! “किती जपून चालवतोस रे बाळा!” आवाज जरा वेगळा वाटला, नाही असं नाही, पण गिबलीत सगळ्यांचेच घसे बसतात. (माझ्या आवाजात मला माझे चुलते ऐकू येत होते.) मग त्यांनी खिशातून खजूर काढले, बिया काढून एकेक माझ्या हातावर ठेवला, आणि म्हणाले, “तुझ्यासारखा जावई मिळाला, पोरीनं नशीब काढलं.” माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वाळू होतीच, पण सगळीच वाळू नव्हती. मनात म्हटलं, गिबलीला लोक उगाच शिव्या देतात.

घरी पोचलो. मबरूका बाळाला घेऊन “बाबा!” करत दारात आली, म्हाताऱ्याच्या हाताचा मुका घेतला, फेटा सोडला आणि दोन पावलं मागं सरली.

“हे कोण?”

“तुझे वडील.”

“माझे वडील मला कळत नाहीत होय?”

“वाऱ्यानं जरा उतरले असतील.”

“वाऱ्यानं नाक बदलतं का हो कुणाचं? आणि डोळ्यांना पट्टी कसली ही?”

तेवढ्यात म्हातारबाबांनीच विचारलं, “पोरी, तुझा आवाज असा का झाला? आणि हे बाळ कधी झालं? लग्न तर परवा लागलं!”

तेव्हा उलगडा झाला. हे काळ्या डोंगरापलीकडच्या ब्राक गावचे हाज गैथ. डोळ्यांचं ऑपरेशन करून घरी निघालेले, आणि त्यांना न्यायला आलेला नातजावई ताहेर अगदी नवा, लाजाळू. त्याच भिंतीपाशी त्यानंही एक जर्द हाताला धरून उठवलं होतं.

मबरूका रडत होती आणि मला बोलत होती, दोन्ही एकदम. दुसऱ्या दिवशी ब्राकचा ट्रकवाला निरोप घेऊन आला, “तुमचा म्हातारा आमच्याकडे आहे. खातोपितो, पण बोलत नाही. मुका आहे का?” तेव्हा ती रडायची थांबली, बोलायची नाही. ट्रकवाल्यानं सगळं सांगितलं. हूनची खजुराची बाग मागं पडलेली हाजना दिसली होती. पण ताहेरचंही तोंड फेट्यात, त्यामुळं गाडी मी चालवतोय अशी त्यांची समजूत; विचारायचं म्हणजे माझ्याशी बोलणं आलं! म्हणून काळे डोंगर ओलांडेपर्यंत ते गप्प बसले. एकदाच काचेला म्हणाले, ‘इथं कुणाला स्वतःचं गाव ओळखता येत नाही.’ ताहेरला वाटलं, दुवा म्हणताहेत.

मी लगेच निघणारच होतो. हाज गैथना गाडीत बसवलंही. आणि पाऊस आला. भाऊ, हूनला पाऊस! झाडावर खजूर पिकलेला, घरांची छपरं मातीची. लोक दारात येऊन बघत उभे राहिले; आत जायचं की बाहेर थांबायचं हे कुणालाच उमगेना. दक्षिणेकडची कोरडी वादी नदीसारखी वाहू लागली आणि काळ्या डोंगराकडे जाणारा रस्ता घेऊन गेली. वाळवंटात बुडण्याची भीती, हे तुमच्या समुद्राला सांगून बघा, विश्वास ठेवणार नाही. इकडे सातवा दिवस उजाडलेला, मेंढा कापलेला, शेजारीपाजारी जमलेले. बारसं पुढं ढकलता येईना. हाज गैथ गादीवर बसले, रीतीप्रमाणं चहाचे तिन्ही प्याले झाले, बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं, ते त्यांच्या दाढीत हात घालून गप्प झालं. सोहळा उत्तम झाला. नाव ठेवलं. छान नाव आहे.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद, गाढविणीपासून सांभाळून राहा.

तुमचा,
मिलाद

ता. क. वादी ओसरली, रस्ता चालू झाला. हाजनी ट्रकवाल्याकरवी कळवलंय (म्हणजे ट्रकच्या काचेला सांगितलं, त्यानं ऐकलं), की माझ्या गाडीत ते पुन्हा पाय ठेवणार नाहीत. तरी कृपा करून तुम्ही स्वतः गाडी घेऊन या, इथून हाज गैथना ब्राकला पोचवा आणि वडिलांना घेऊन या. मबरूकाचीही हीच इच्छा आहे. ती म्हणते, मला पाठवलं तर मी तिसराच म्हातारा आणीन.

दुसरा ता. क. नातवाला आजोबांचं, म्हणजे ‘बू-अजीला’ हे, नाव ठेवायचं ठरलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण बाहेर पाऊस कोसळत होता, मांडीवर घेणाऱ्या वडीलधाऱ्यानं नाव उच्चारायचं ही रीत, आणि गैथ म्हणजेच पाऊस. तेव्हा हाज गैथनी आनंदानं स्वतःचंच नाव उच्चारलं, आणि गावानं आमीन म्हटलं. हे तुम्ही वडिलांना सांगायचं आहे. ब्राकमध्ये सांगू नका, ते तिथंच राहतील. हूनला पोचल्यावर सांगू नका, मी इथं असतो. मधल्या काळ्या डोंगरात सांगा. तिथं झाड नाही, पाणी नाही, घर नाही. माणूस रागावून गाडीतून उतरला तरी जाणार कुठं?