सुलभाची शिक्षा

अक्के,

आधी शेजारची जमुनाबाई आली, चहाच्या वेळेवर बरोबर, आणि तिच्यामागून सरकारचे दोघे. आपल्या सुलभाचा पोलिओचा पाय बघून मदत ठरवणार होते. शाळेत जाणाऱ्या अपंग पोरांनाच देतात म्हणे.

एकाने विचारलं, "माँजी, बच्ची को शिक्षा मिलती है?"

मी म्हटलं, "कभी नहीं, भिया. हम उसको बोट भी नहीं लावते."

त्याने 'नहीं' लिहिलं. जमुनाबाईला हसू आवरेना. "अहो, यांची शिक्षा म्हणजे शाळा!"

तोवर सुलभाने कुबडी टेकत येऊन हिंदीचा धडा त्याला घडाघडा वाचून दाखवला. किती गोड वाचते गं! त्याने 'नहीं' खोडलं. मार आणि शाळा एकच कसं, मला अजून उमगलेलं नाही.

शाळेचा दाखला बघायला बुधवारी येतो म्हणालेत. तोवर हे पत्र टाकत नाही.

तुझी धाकटी,
देवासात गोंधळलेली गोदू