हात वर करणारी पलटण

रेव्हरंड ओबडाया क्रेन, माझे मेहुणे, यांस सविनय नमस्कार.

मी, लायसँडर प्रुइट, माजी राज्य-सिनेटर, सध्या इंडियानाच्या स्वयंसेवक पलटणीचा कर्नल, हे पत्र माझे उत्तम चालले आहे एवढे कळविण्यासाठीच लिहीत आहे. आपला गुडघा आणि माझी भगिनी टॅबिथा, दोघेही शांत असतील अशी आशा आहे.

पलटणीतली मुले आपल्याच तालुक्यातली. मतांसाठी मी ज्यांच्या घरी मक्याची भाकरी खाल्ली, त्यांचीच. आता मात्र नियमानुसार मी तंबूत एकटा जेवतो. (डुकराचे खारे मांस एकट्याने अधिकच खारे लागते.)

मंगळवारी जंगलात वाटेला दोन फाटे फुटले आणि ओढ्यापलीकडून दक्षिणेच्या बंडखोरांचा गोळीबार सुरू झाला. कॅप्टनने विचारले, "डावीकडे की उजवीकडे?" आणि वीस वर्षांची सवय माझ्या तोंडून बोलली, "उजवीकडे जाण्यास जे अनुकूल असतील, त्यांनी हात वर करावेत." एकाने विचारले, "काका, एक की दोन्ही?" तोवर सगळ्यांनी बंदुका खाली ठेवून दोन्ही वर केले होते. (उत्साही मतदार.) पलीकडचा गोळीबार थांबला आणि एक तरुण लेफ्टनंट आमची शरणागती घ्यायला ओढा ओलांडून आला. हे केवळ मतदान असल्याचे मी त्यास सभ्यपणे समजावले.

"मग निकाल काय लागला?"

"उजवीकडे."

"तिकडे दलदल आहे, साहेब. साफ चुकताय तुम्ही."

कर्नल झाल्यापासूनच्या तीन महिन्यांत मला चूक म्हणणारा तो पहिला मनुष्य. त्यास चहा पाजावा असे फार वाटले. परंतु फसवून पकडणे अप्रशस्त, म्हणून त्यास परत पाठविले आणि मग दोन्हीकडून रीतसर गोळीबार सुरू झाला. जनरलसाहेबांनी मला झापले, "हे सभागृह नव्हे, कर्नल." तेव्हापासून पलटणीला 'होय साहेब' याखेरीज उत्तर देण्याची मनाई आहे. काल जेवण आणणाऱ्या शिपायास मी मुद्दाम चुकीचे सांगितले की आपली ओहायो नदी उत्तरेला वाहते. तो म्हणाला, "होय साहेब."

ता. क. पलटणीच्या धर्मोपदेशकाची जागा रिकामी आहे. प्रत्येक निवडणुकीत आपण माझ्याविरुद्ध भाषणे केलीत आणि रात्री माझ्याच टेबलाशी बसून तीच पुन्हा ऐकवलीत. तंबूत दुसरी खुर्ची मांडून ठेवली आहे. मला आपली गरज आहे असा अर्थ कृपया काढू नये. नकार द्यायचा असल्यास तो पत्राने स्वीकारला जाणार नाही. समक्ष येऊन, सविस्तर द्यावा.

आपला,
लायसँडर प्रुइट
छावणी, टेनेसी
१२ फेब्रुवारी १८६३