साहेबरावमामांची शाल

लातूर
२० ऑगस्ट १९८५

प्रिय सिंधू,

तीन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम एवढं मोठं पत्र बघून तू डोळे मोठे करशील. कर. मुदखेडला पाऊस आहे का, तुझ्या शाळेत मुलं टिकतात का, हे आधी विचारायला हवं. पण आज मला माझंच सांगायचंय. इथे नळ आठव्या दिवशी येतो. आला की एरवी शहाणी म्हणवणारी माणसंही घागरीवरून भांडतात. अशा गावात परवा आपल्या बागेत मोटारींची शर्यत झाली.

जिल्हा होऊन तीन वर्षं झाली, त्याचा हा सोहळा. समितीचे अध्यक्ष कोण, तर आमचे हे, गुरुपादप्पा. टायरचं दुकान असलेल्या माणसाला शर्यत सुचली यात नवल नाही. नवा जिल्हा म्हटल्यावर काहीतरी दणक्यात व्हायला पाहिजे म्हणे! त्यासाठी बागेतली फेरीची वाट रुंद करायची, वळणावरचे अकरा कडुलिंब तोडायचे आणि धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारायचं. माणसांना प्यायला नाही आणि धुळीला टँकर.

ते लिंब आठवतात ना? बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या वडिलांनी लावलेले. तुझे वडील, म्हणजे माझे साहेबरावमामा, तेव्हा बागेचे माळी, आपण सातवीत. रोपाशेजारी मडकं पुरायचं, त्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधीची वात; थेंब थेंब पाणी मुळाशी जायचं. आपण भांडी विसळलेलं पाणी नेऊन त्यात ओतायचो. आमच्या अव्वाच्या लिंगपूजेचं उरलेलं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून ते मी रोज वळणावरच्या शेवटच्या रोपाला घालायचे. मामा त्याला 'उमाचा लिंब' म्हणायचे. तुला याचा राग यायचा, तुझ्या नावाचं झाड नव्हतं म्हणून.

शर्यतीचं कळलं तसे मामा बागेच्या फाटकात जाऊन बसले. दोन दिवसांत रिकाम्या घागरी घेऊन चाळीसेक बाया त्यांच्या मागे बसल्या. समितीची माणसं समजावून थकली. मामांचं एकच, "झाडं म्या जगिवली. मला इचारल्याबिगर कुऱ्हाड लागायची न्हाई." मामा उठले तर सगळे उठतील, नाहीतर कुणीच नाही, हे आमच्या ह्यांना बरोबर कळलं.

मग सत्कार निघाला. समितीकडून मामांनी काही घेतलं नसतं, म्हणून मला पाठवलं. दुष्काळात बाग राखली म्हणून तुमचा मान करतोय, शर्यतीशी त्याचा संबंध नाही, असं मीच त्यांना सांगितलं. बौद्ध झाल्यापासून तुमच्याकडे नारळ घेत नाहीत हे मला ठाऊक, म्हणून नुसती शाल आणि गुलाबाची फुलं. किती बारीक विचार केला होता बघ मी! "तू देतीस म्हून घेतो, पोरी," म्हणाले आणि मान वाकवली. मी शाल पांघरली, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापून आलं: ज्येष्ठ माळी साहेबराव यांचा शर्यतीला आशीर्वाद. दुपारपर्यंत फाटक मोकळं झालं. घागर उचलता उचलता भामाबाई त्यांच्या तोंडावर बोलली, "शालीवर इकला गेला म्हातारा."

झाडं संध्याकाळच्या आत पडली. शर्यत अर्धा तास चालली. मी व्यासपीठावर होते, पहिल्या रांगेत.

काल मामा घरी आले. शाल नीट घडी करून आणलेली. मी तांब्या पुढे केला. आठवतं, आमची अव्वा त्यांना वेगळ्या पेल्यात वरून पाणी द्यायची, आणि मी भांडून घरातला तांब्या त्यांच्या हातात दिला होता? तोच तांब्या. "न्हाई, तहान न्हाई," म्हणाले. एवढ्या उन्हात चालत आलेला माणूस. शाल उंबऱ्यावर ठेवली आणि गेले.

आज ते खोलीला कुलूप लावून नांदेडच्या गाडीत बसले, म्हणजे तुझ्याकडेच येताहेत. तुला ते काही सांगणार नाहीत. उलट, उमाला बिचारीला काही माहीत नव्हतं, तिलाही फसवलं, असंच म्हणतील; शेजारच्या शंकरप्पांना ते तसंच सांगून गेलेत. म्हणून हे लिहिलं. सिंधू, मला माहीत होतं. मामांना बोलवायला निघाले तेव्हा ती आशीर्वादाची बातमी आमच्या टेबलावर लिहून तयार होती. मी ती वाचली आणि मग शाल घेऊन निघाले. हे तूच त्यांना सांग. माझ्यावरचा त्यांचा एवढा विश्वास मला आता सहन होत नाही.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
उमा